चढावरचा कालवा: डोनेत्स्कच्या नळाला तीन दिवसांनी पाणी का आलं

विचारलेला प्रश्न असा आहे: पूर्व युक्रेनमधल्या चासिव यार गावाच्या लढाईच्या बातम्यांत सारखा एक ‘कालवा’ यायचा, तो नेमका कसला? त्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या डोनेत्स्क शहरावर २०२५च्या उन्हाळ्यात तीन दिवसांतून एकदा पाणी सोडायची वेळ का आली? शहर तर नदीकाठी आहे. आणि हा कालवा पुन्हा सुरू करता येईल का? विचारणारे स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, म्हणून थोडं हिशोबासकट सांगतो. मी युक्रेनला गेलेलो नाही. पण माझी सगळी नोकरी पाणी वर चढवण्यात गेली. जॅकवेल (पाणी ओढून घ्यायची विहीर), पंपगृह, रायझिंग मेन (पाणी वर चढवणारी मोठी नळवाहिनी), टाकी, हेच माझं काम होतं. त्यामुळे या कालव्याबद्दल जे काही वाचनात येतं, ते मी बातमी म्हणून वाचूच शकत नाही.

आधी जमीन समजून घ्या. डोनबास म्हणजे डोनेत्स खोऱ्यातला कोळशाचा पट्टा. १८६९ मध्ये जॉन ह्यूज नावाचा वेल्समधला उद्योजक तिथे आला आणि त्यानं लोखंडाचा कारखाना घातला. त्याच्याभोवती जी वस्ती वाढली, तिचं पहिलं नाव त्याच्यावरूनच युझिव्का असं पडलं. तेच आजचं डोनेत्स्क. कोळसा पायाखाली होता, लोहखनिज क्रिव्ही रीहहून रेल्वेनं येत होतं, आणि खाली मारिउपोलला समुद्र होता. पाणी मात्र नव्हतं. हा सगळा प्रदेश एका लांबट उंचवट्यावर आहे आणि तो उंचवटा म्हणजेच जलविभाजक. उत्तरेकडे सिव्हर्स्की डोनेत्स नदी, दक्षिणेकडे कालमियुस आणि मियुस या अझोव समुद्राला मिळणाऱ्या छोट्या नद्या. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशात पडतो त्याच बेताचा. डोनेत्स्क कालमियुसच्या काठावर आहे हे खरं, पण तिच्या उगमाजवळ. उगमाजवळच्या नदीवर खेडं जगतं, पोलाद कारखाना जगत नाही.

पोलादाच्या कारखान्याला किती पाणी लागतं हे बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. झोतभट्टीचं कवच सतत थंड ठेवावं लागतं. कोक भट्टीतून लालबुंद कोळसा बाहेर आला की त्यावर पाणी मारावं लागतं. कोळसा धुवायला पाणी, औष्णिक वीज केंद्राला पाणी. आणि या सगळ्यांत काम करणारी लाखो माणसं तिथेच राहतात. गंमत वाटेल, पण त्याच जमिनीखाली खाणीतून दिवसरात्र पाणी उपसून बाहेर फेकावं लागत होतं. ते पाणी खारट आणि जड, पिण्याच्या कामाचं नाही. फार तर काही औद्योगिक वापराला चालेल.

म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५४ ते १९५८ या चार वर्षांत, सिव्हर्स्की डोनेत्स–डोनबास कालवा बांधला गेला. स्लोव्यान्स्कजवळ राइहोरोडोक गावापाशी नदीला बंधारा घालून पाणी अडवलं आणि तिथून दक्षिणेला सुमारे १३० किलोमीटर नेऊन डोनेत्स्कच्या वरच्या अंगाला, वेर्ख्नोकालमियुस्के जलाशयात सोडलं. वाटेत स्लोव्यान्स्क, क्रामातोर्स्क, कोस्त्यान्तिनिव्का, होर्लिव्का अशा गावांना त्याच पाण्यातून फाटे. पुढे डोनेत्स्कजवळून दक्षिण डोनबास जलवाहिनी निघते, ती पार मारिउपोलपर्यंत. विस्तारानंतर कालव्याची पूर्ण वहनक्षमता सेकंदाला ४३ घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत सुमारे १५०० क्युसेक. पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो: पूर्ण क्षमतेनं चालला तर हा कालवा एकट्या खडकवासल्याचा दोन टीएमसीच्या आतला साठा पंधरवड्यात ओढून घेईल.

आता मुख्य गोष्ट. आपण कालवा म्हटलं की नीरा डावा कालवा डोळ्यांसमोर आणतो. धरणाचं दार उघडलं की पाणी समतल रेषेनं, आपल्या वजनानं, उतारावरून चालू लागतं. रात्री सगळे झोपले तरी ते चालत राहतं. डोनबासचा कालवा तसा नाही. तो चढावर जातो. खालून नदीचं पाणी उचलून दोनशे मीटरच्या वर नेऊन जलविभाजक ओलांडायचा आणि मग पलीकडे सोडायचं, असं ते काम आहे. काही भाग उघडा, काँक्रीटच्या अस्तराचा कालवा, मध्ये पंपगृह, तिथून दाबाच्या नळांतून वर, पुन्हा उघडा कालवा, पुन्हा पंपगृह. ज्यांनी सांगलीकडे म्हैसाळ किंवा टेंभू योजना पाहिली आहे, त्यांना हे चित्र लगेच कळेल.

साधा हिशोब करून बघा. एक घनमीटर पाणी दोनशे मीटर उचलायला शुद्ध भौतिकशास्त्रानुसार साधारण ०.५४ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर पाऊण युनिटाच्या जवळ गेलात, नळातलं घर्षण वेगळंच. पूर्ण क्षमतेनं दिवसाला ३७ लाख घनमीटर. म्हणजे रोज २७ लाख युनिट नुसतं पाणी वर चढवायला. माझा हा ढोबळ हिशोब आहे, पण त्यावरून एक गोष्ट पक्की कळते: या कालव्यात वाहते ती नदी थोडी आणि वीज जास्त. वीज थांबली की कालवा थांबला.

आणि तो नुसता थांबत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या एका उपसा योजनेवर रात्री अडीचच्या सुमाराला विजेची लाईन ट्रिप झाली. तिन्ही पंप एकदम बंद. दोन सेकंद अशी शांतता पसरली की जॅकवेलमधलं पाणी हलल्याचा आवाज ऐकू आला. मग वर चढलेलं सगळं पाणी मागे फिरलं आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) असा धाडकन आपटला की पंपगृहाच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. दाबाची ती लाट नळातून वर गेली, परत आली, पुन्हा गेली. चौथ्या किलोमीटरवर जोड उखडला आणि एका शेतकऱ्याच्या उभ्या उसात पाण्याचा फवारा उडाला. जोड दुरुस्त करायला एक दिवस लागला. नळाची लाईन पुन्हा चार्ज करायला, म्हणजे पाण्यानं भरायला, अडीच दिवस लागले, कारण रिकाम्या नळात पाणी भरताना आतली हवा हळूहळू बाहेर काढावी लागते. घाई केली तर दुसरीकडे फुटतं. आमचा फिटर प्रत्येक एअर व्हॉल्व्हपाशी, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेपाशी, कान लावून बसायचा. शिट्टी थांबून पाण्याची पिचकारी आली की हात वर करायचा आणि मगच आम्ही पुढे सरकायचो. हे एका तालुक्याच्या योजनेचं. डोनबासमध्ये तीच गोष्ट तोफांच्या माऱ्याखाली करायची होती.

२०१४ मध्ये लढाई सुरू झाली आणि ताबारेषा नेमकी या पाण्याच्या वाटेवर आडवी आली. कालव्याचं मुख आणि पहिला लांब पट्टा युक्रेन सरकारच्या ताब्यात. डोनेत्स्क आणि होर्लिव्का रशियाच्या पाठिंब्यावरच्या फुटीरांच्या ताब्यात. तिथून पुढे मारिउपोलला जाणारं पाणी पुन्हा सरकारी बाजूला. म्हणजे पाणी एका बाजूनं निघायचं, दुसऱ्या बाजूला जायचं आणि परत पहिल्या बाजूला यायचं. ज्यांच्यावर गोळे टाकायचे, त्यांच्याच हातून आपल्या मुलांचं पाणी येतंय, अशी दोन्हीकडची अवस्था. म्हणूनच आठ वर्षं ही व्यवस्था तुटली नाही. ‘वोदा डोनबासू’ ही एकच कंपनी दोन्ही बाजूंना पाणी देत राहिली आणि तिचे कर्मचारी दोन्ही बाजूंना राहत होते. वीजबिलाच्या थकबाकीवरून वाद होतच होते, पण पंप चालत होते.

या सगळ्यात जीव अडकला होता तो डोनेत्स्क जलशुद्धीकरण केंद्रात. अव्हदिव्का आणि यासिनुवाता यांच्यामध्ये, दोन्ही सैन्यांच्या अगदी मधोमध ते केंद्र. दोन्हीकडच्या मिळून सुमारे साडेतीन लाख लोकांना तिथून शुद्ध पाणी जायचं. तिथे क्लोरीन साठवलेला असायचा. क्लोरीनचा टनर (टनभर वायूचं सिलिंडर) ज्यानं हाताळला आहे त्याला हे वाचून पोटात गोळा येईल. नुसती गळती झाली तरी आपण अर्धं गाव रिकामं करतो. तिथे आजूबाजूला गोळे पडत होते आणि माणसं पाळी बदलायला बसनं जात होती. १७ एप्रिल २०१८ रोजी याच केंद्रातल्या कामगारांच्या बसवर गोळीबार झाला आणि पाच जण जखमी झाले. दुरुस्तीसाठी जायचं तर युरोपच्या सुरक्षा संघटनेचे निरीक्षक मध्यस्थी करून काही तासांची शांतता ठरवून घ्यायचे. आपल्याकडे आपण महावितरणकडून शटडाउन मागतो. तिथे युद्धाकडून शटडाउन मागायचा. मला या लोकांबद्दल अतिशय आदर वाटतो. व्हॉल्व्हमन, फिटर, लॅबमधली बाई, पंप ऑपरेटर. त्यांची नावं कुठल्याही बातमीत येत नाहीत.

थंडीचा मुद्दा आपल्याकडच्या इंजिनिअरच्या डोक्यात येत नाही, म्हणून सांगतो. जानेवारी २०१७च्या अखेरीस अव्हदिव्काजवळ लढाई भडकली तेव्हा पारा उणे वीसच्या आसपास होता. वीज गेली, पाणी गेलं. तिथे घरं गरम पाण्याच्या नळांनी तापवली जातात. त्या नळांतलं पाणी फिरायचं थांबलं की गोठतं, आणि गोठलं की नळ फुटतात. आपल्याकडे पाणी बंद म्हणजे टँकर. तिथे हिवाळ्यात पाणी बंद म्हणजे घरातली ऊबसुद्धा बंद.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केलं आणि आठ वर्षांचा तो नाजूक समझोता संपला. कालव्याचं मुख एकाकडे, शेपूट दुसऱ्याकडे, आणि मधला भाग रणभूमी. पंपगृहं आणि विजेच्या तारा तुटल्या, पाणी बंद झालं. मारिउपोलला निदान स्टारी क्रीमचा राखीव जलाशय जवळ होता. डोनेत्स्कनं वेर्ख्नोकालमियुस्केमधला आणि आसपासच्या तळ्यांमधला साठा वापरायला सुरुवात केली. तो साठा मुळात दुरुस्तीच्या आणि अडचणीच्या दिवसांसाठी होता, वर्षभर पुरवायला नव्हे. त्याच उन्हाळ्यात वेळापत्रकानं पाणी सोडायची वेळ आली.

मग रशियानं डोन नदीतून नवी जलवाहिनी टाकली. सुमारे २०० किलोमीटर लांब, २०२३ मध्ये पुरी झाली, आणि तिची जाहीर क्षमता दिवसाला २ लाख ८८ हजार घनमीटर, आपल्या बोलीत २८८ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). एवढ्या थोड्या महिन्यांत एवढी लांब लाईन टाकणं हे काम म्हणून मोठंच आहे. पण आकडा जुन्या कालव्याच्या शेजारी ठेवून बघा. २८८ एमएलडी म्हणजे सेकंदाला सव्वातीन घनमीटरच्या थोडं वर. कालव्याची क्षमता ४३. साधारण तेरावा हिस्सा. त्यातून डोन नदीही उन्हाळ्यात उथळ होते, तेव्हा पूर्ण क्षमतेनं उचलता येईलच असं नाही.

तुम्ही म्हणाल, कारखाने आणि खाणी तर बऱ्याच बंद पडल्या, मग उरलेल्या लोकांना २८८ एमएलडी का पुरू नये? डोनेत्स्क आणि माकिइव्का मिळून दहा-बारा लाख लोक धरले तरी माणशी दोनशे लिटरच्या वर पडतात, आणि आपल्याकडचा निकष १३५ लिटरचा आहे. कागदावर अगदी बरोबर. पण जलवाहिनीच्या तोंडाशी मोजलेलं पाणी आणि नळाला आलेलं पाणी यांच्यामध्ये शहराचं वितरणजाळं असतं. सोव्हिएत काळातले जुने पोलादी नळ, त्यावर आठ-दहा वर्षांचा तोफमारा, दुरुस्तीला माणसं नाहीत. जागोजागी गळती.

आणि इथे एक गोष्ट आहे जी पाठ्यपुस्तकात एका ओळीत असते, पण प्रत्यक्षात सगळं शहर पोखरते. पाणी एकदा दिवसाआड केलं की गळती कमी होत नाही, वाढते. रोज भरलेल्या नळात दाब स्थिर असतो. तीन दिवस रिकामा राहिलेला नळ एकदम भरला की हवा कोंडते, दाब उसळतो, कमकुवत जोड उघडतात. रिकाम्या नळात बाहेरच्या मातीतलं, गटाराचं पाणी आत खेचलं जातं. लोक काय करतात? नळ उघडेच ठेवतात, पिंप, बादल्या, टब, जे मिळेल ते भरतात, आणि पुढचं पाणी आलं की शिळं ओतून देतात. मागणी कागदावरच्या दीडपट होते. आणि उंच इमारतींत पाणी वर पोचेपर्यंत सोडायची वेळ संपते. हे मी डोनेत्स्कचं वर्णन करतोय, पण छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही गृहिणीला विचारा, ती तुम्हाला हेच सांगेल. जायकवाडी भरलेलं असतं, पाणी दूरवरून उचलून आणलेलं असतं, तरी नळाला कित्येक दिवसांनी येतं. स्रोत, चढवणं आणि वाटप, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक पुरी पडली म्हणून दुसरी पुरी पडत नाही.

खाणींबद्दलही सांगायला हवं, कारण पाण्याचा तोच प्रश्न तिथे उलट्या दिशेनं उभा आहे. वीज गेली, खर्च परवडेना, आणि खाणींचा उपसा बंद पडत गेला. बंद खाण हळूहळू भरते. ते खारट, धातू विरघळलेलं पाणी शेजारच्या खाणीत, मग विहिरींत, मग ओढ्यात शिरतं. येनाकियेव्हेजवळच्या युनकोम खाणीत तर सप्टेंबर १९७९ मध्ये जमिनीखाली एक छोटा अणुस्फोट केला होता, कोळशाच्या थरातला वायू आणि दाब मोकळा होईल या आशेनं. २०१८ मध्ये त्या खाणीचाही उपसा थांबवला गेला. म्हणजे वरून येणारं गोडं पाणी थांबलं आणि खालून नको ते पाणी वर येतंय. भूजलावर विसंबून शहर जगवू, असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

आता चासिव यार. डोनबासच्या मानानं उंच जागेवरचं हे गाव, आणि त्याच्या पूर्वेकडून कालवा जातो. कालव्यापलीकडच्या वस्तीचं नावच ‘कनाल’. २०२४च्या उन्हाळ्यात बातम्यांत आलेली वस्ती तीच. रशियन सैन्यानं जुलैच्या सुरुवातीला ती घेतली, आणि त्यानंतरही गावासाठी वर्षभर लढाई चालली. कालव्यात तेव्हा पाणी नव्हतं, पण रिकामा कालवा म्हणजे दोन्ही बाजूंनी तिरक्या, गुळगुळीत काँक्रीटच्या भिंती असलेला खंदक. रणगाडा त्यात उतरला तर चढणं अवघड. पण मी सांगितलं तसं, हा कालवा सलग उघडा नाही. चासिव यारच्या आसपास काही ठिकाणी पाणी जमिनीखालच्या नळांतून जातं, आणि वरून सपाट जमीन राहते. सैन्यानं ओलांडायला तीच ठिकाणं शोधली. नकाशावर कालव्याची निळी रेघ जिथे तुटते, तिथेच लढाई घट्ट झाली. पाण्यासाठी बांधलेल्या गोष्टीचा असा उपयोग व्हावा, हे मला फार लागलं.

तुमचा शेवटचा प्रश्न: पुन्हा सुरू होईल का? पहिली अट अभियांत्रिकीची नाही. मुख आणि शेपूट एकाच्या ताब्यात हवं, किंवा २०१४ नंतर होता तसा दोघांत पाण्यापुरता करार हवा. २०२५च्या त्या उन्हाळ्यात राइहोरोडोक युक्रेनकडेच होतं, म्हणजे पंप दुरुस्त झाले असते तरी पाणी उचलायचं कुणाकडून, हा प्रश्न होताच.

समजा ती अट पुरी झाली. मग आधी सुरुंग काढणारी माणसं जातील, सर्व्हेवाले नाही. त्यानंतर अस्तर. अनेकांना वाटतं, कालवा रिकामा राहिला तर त्याचं काय बिघडणार? बिघडतं. अस्तराच्या मागे मातीत पाणी साठतं. कालवा भरलेला असतो तेव्हा आतल्या पाण्याचं वजन त्या दाबाला तोलून धरतं. रिकाम्या कालव्यात मागचा दाब काँक्रीटच्या पट्ट्या आतल्या बाजूला उचलतो. म्हणूनच आपण कुठलाही अस्तराचा कालवा एकदम रिकामा करू देत नाही, पातळी हळूहळू उतरवतो. त्यात तिथला हिवाळा. फटीत शिरलेलं पाणी गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि दर हिवाळ्यात फट रुंदावते. वसंतात त्यातून झुडपं उगवतात, मुळं आत शिरतात. वर स्फोटांचे खड्डे. १३० किलोमीटरपैकी किती ठिकाणी भराव खचला असेल, हे चालत जाऊन बघितल्याशिवाय कळायचं नाही.

पंपगृहं बहुतेक नव्यानंच करावी लागतील. मोठे पंप आणि रोहित्रं बाजारात तयार मिळत नाहीत, मागणी नोंदवल्यावर बनवावी लागतात आणि त्यात वर्ष-दीड वर्ष जातं. मी असतो तर सगळा ४३ घनमीटरचा कालवा एकदम उभा करायच्या मागे लागलो नसतो. प्रत्येक टप्प्यावर आधी एक पंप, एक नळ, थोडं पाणी आणि विजेच्या दोन वेगवेगळ्या लाइन. आणि प्रत्येक शहराजवळ निदान महिनाभर पुरेल एवढा साठा, कारण चढावरच्या पाण्याला खंड पडणारच. जगात असं काम जमलेलं आहे: कझाकस्तानात १९६२ ते १९७४ दरम्यान बांधलेला इर्तिश–कारागांडा कालवा ४५८ किलोमीटर लांब आहे, २२ पंपगृहं चढून एकिबास्तुझ, कारागांडा आणि तेमिरताउच्या खाणी-कारखान्यांना पाणी देतो, आणि तिथला हिवाळा डोनबासपेक्षाही कडक आहे. तो चालतो, कारण पहिल्या पंपापासून शेवटच्यापर्यंत एकच व्यवस्था आहे.

आणि पहिलं पाणी आलं की ते घरांना द्यायचं नाही. इतकी वर्षं कोरड्या पडलेल्या नळांतून गंज, गाळ, स्फोटकांचे अवशेष, काय काय निघेल सांगता येत नाही. निदान काही आठवडे ते पाणी वाहू द्यायचं, कारखान्यांच्या थंडाव्याला द्यायचं, रोज नमुने तपासायचे. त्यानंतर शहराच्या एकेका विभागाची लाईन चार्ज करायची, प्रत्येक एअर व्हॉल्व्हपाशी एक माणूस उभा करून.